आराखड्यात नसलेला पंख

आजच्या धाग्यात गड नाही, लढाई नाही आणि तहही नाही. आजचा विषय आहे थर्माकोलचा एक पंख. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

गेल्या पावसाळ्यात माझा एक अभियंता मित्र एका जुन्या आराखड्याची प्रत घेऊन घरी आला. १९७० च्या दशकातील एका अमेरिकन मासिकात छापलेला, रेडिओने उडवायच्या छोट्या द्विपंखी विमानाचा आराखडा. धडाची प्रत्येक पट्टी, शेपटीचा प्रत्येक तुकडा, चाकांच्या तारेचा बाक, इंजिन बसवायच्या फळीची जाडी, सारे काही प्रत्यक्ष मापाने रेखाटलेले. “तू जुने कागद वाचतेस ना? मग यात पंख कुठे आहे ते दाखव,” तो म्हणाला.

मी पाहिले. पंखाच्या जागी तुटक रेषेची एक बाह्याकृती होती आणि शेजारी अर्ध्या ओळीची सूचना: एस कंपनीचा निमुळता फोम पंख वापरावा. फासळी नाही, छेद नाही, जाडीचा आकडा नाही.

मला हसू आले, कारण ही अर्धी ओळ माझ्या चांगल्या ओळखीची होती. मराठेशाहीचे महसुली कागद ज्यांनी चाळले आहेत, त्यांना ‘सालाबादप्रमाणे’ हा शब्द पानोपानी भेटला असेल. अमुक बाब सालाबादप्रमाणे द्यावी, तमुक सालाबादप्रमाणे घ्यावी. लिहिणाऱ्याला ठाऊक होते, वाचणाऱ्याला ठाऊक होते. मग फोड करण्यात शाई कोण घालवणार? आपल्यासारखा तिसरा वाचक दोन-अडीचशे वर्षांनी येईल हे कारकुनाच्या गावीही नव्हते. अमेरिकन आराखडाकाराने नेमके तेच केले होते. त्याच्या वाचकाला तो पंख दुकानात मिळत होता, टपालाने मागवता येत होता. जो विकत मिळतो, तो काढून कशाला दाखवायचा?

आता तो मिळत नाही. त्याचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. त्यामुळे आराखडा शाबूत आणि विमान अपुरे, अशी ही अवस्था. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

रेडिओने विमानाची प्रतिकृती उडवण्याचा इतिहास अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. मिशिगन राज्यातील कलामाझू येथील वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांचे ‘गफ’ नावाचे विमान त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध. ते आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्या काळी रेडिओ म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब आणि जड बॅटऱ्या, म्हणून विमानही मोठे लागे. शिवाय प्रक्षेपण करायचे तर हौशी रेडिओचालकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवावा लागे. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन शासनाने २७.२५५ मेगाहर्ट्झ ही लहर परीक्षेविना खुली केली आणि हा छंद मूठभर तंत्रज्ञांच्या हातून सामान्य माणसाच्या अंगणात आला.

रेडिओची अडचण अशी सुटत गेली. इंजिनाचीही सुटली. कॅलिफोर्नियातील लेरॉय कॉक्स यांच्या कारखान्यातून ०.०४९ घनइंचाची, म्हणजे सुमारे ०.८ घनसेंटिमीटर क्षमतेची इंजिने प्रचंड संख्येने बाहेर पडू लागली. मुठीत मावणारे आणि कारखान्यातून तयार होऊन आलेले इंजिन. पंखाची अडचण मात्र जिथल्या तिथे होती.

पंख म्हणजे काय, हे एकदा नीट पाहू. इक्वेडोरहून येणारे बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. त्याच्या पातळ फळीतून एकसारख्या फासळ्या कापायच्या. निमुळता पंख असेल तर प्रत्येक फासळी वेगळ्या मापाची. त्या आराखड्यावर उभ्या करायच्या, त्यांतून लांब तुळई ओवायची, पुढची कड, मागची कड, टोकाचा गोलवा. मग सगळ्यावर रेशीम किंवा पातळ कागद चढवायचा आणि त्यावर डोप नावाच्या लाखेसारख्या द्रवाचे थर द्यायचे. डोप सुकताना आकसतो. सांगाडा कुठे कच्चा राहिला असेल तर तो पंख पिळून टाकतो, आणि पिळलेला पंख विमानाला एका बाजूला ओढत नेतो. नवशिक्याचे विमान पहिल्याच दिवशी जमिनीत घुसे ते बहुधा याच कारणाने, किंवा मग हातातल्या पेटीचे बटण चुकल्याने. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी खर्चून केलेला पंख तीन सेकंदांत काड्या होई. माझ्या मते या छंदातून माणसे गळण्याचे खरे कारण हेच होते. पैसा आडवा येई तो नंतर.

आता थर्माकोलकडे वळू. हे मुळात एक व्यापारी नाव. पदार्थाचे खरे नाव प्रसरित पॉलिस्टायरीन. जर्मनीतील बीएएसएफ या कंपनीत फ्रिट्झ स्टास्नी या रसायनतज्ज्ञाने १९५० च्या सुमारास त्याचा शोध लावला. त्याने एक नमुना बुटांच्या पॉलिशच्या डबीत घालून तापत्या कपाटात ठेवला आणि विसरला, दुसऱ्या दिवशी पाहतो तो फेस डबीचे झाकण डोक्यावर घेऊन वर आलेला, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट थोडी गोड आहे, पण मागचे विज्ञान पक्के आहे. पॉलिस्टायरीनच्या साखरेएवढ्या दाण्यांत पेंटेन नावाचा द्रव कोंडलेला असतो. वाफ दिली की दाणा मऊ होतो, पेंटेनचा वायू होतो आणि दाणा लाहीसारखा फुलतो. फुललेले दाणे काही काळ मुरू देतात, मग धातूच्या साच्यात भरून पुन्हा वाफ देतात. आता फुगायला जागा नसल्याने दाणे एकमेकांवर दाबले जातात आणि चिकटून एकजीव होतात. साचा थंड करून उघडला की हवी ती वस्तू हाती येते, आणि तिच्यात साधारण ९८ टक्के हवा असते.

या सगळ्यात एक बारकावा आहे आणि पुढे तो कामी येणार आहे. साच्याच्या भिंतीला टेकलेले दाणे चपटे होतात. त्यामुळे साच्यातून निघालेल्या वस्तूला बाहेरून एक गुळगुळीत, जराशी कठीण साय धरते. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा कोपरा आणि दुकानातून आणलेला कापलेला तुकडा यांवर बोट फिरवून पाहा, फरक लगेच कळेल. साच्याच्या वस्तूवर बारीक गोल ठसेही दिसतील. वाफ आत येण्याच्या छिद्रांच्या त्या खुणा.

विमान बनवणाऱ्यांनी हा पदार्थ हाती घेतला तेव्हा आधी तो कापून पाहिला. साचा वापरला मिसूरी राज्यातील हिगिन्सव्हिल या लहानशा गावच्या एस रेडिओ कंट्रोल या कंपनीने. पॉल रुंगे यांनी उभी केलेली ही कंपनी छंदिष्टांना टपालाने रेडिओचे सुटे भाग, जुळणीचे संच आणि विमानांचे संच पुरवी. १९६० आणि ७० च्या दशकांत तिच्या जाहिरातींत साच्यात घडवलेले फोमचे पंख दिसू लागतात. प्रकार मुख्यतः दोन: एक सरळ, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीचा, दुसरा निमुळता. ते संचांतूनही येत आणि सुटेही मिळत.

सुटे मिळत, या दोन शब्दांत सगळा इतिहास आहे.

एरवी विमानाचा आराखडा करणारा माणूस आधी विमान मनात आणतो आणि मग त्याला शोभेल असा पंख काढतो. इथे उलटा प्रवास सुरू झाला. पंख ठरलेला आहे, बदलता येणार नाही, पण तो स्वस्त आहे, सरळ आहे आणि प्रत्येक वेळी हुबेहूब तसाच येतो. आता त्याच्याखाली काय बसवता येईल? लांब नाकाचे धड लावले तर एक विमान, आखूड लावले तर दुसरे. दोन पंख एकावर एक रचले तर द्विपंखी. टोके छाटली तर चपळ, मध्ये तुकडा जोडला तर संथ. एकाच कणकेच्या गोळ्यातून पोळी, पुरी आणि शंकरपाळे निघावेत तसे. ओवेन कॅम्पेन हे व्यवसायाने चित्रकार. त्यांनी एससाठी केलेली व्हिझार्ड, पेसर आणि ऑल स्टार बायप्लेन ही विमाने या घराण्यातली. चित्रकाराचा हात त्यांत दिसतो. पंख कारखान्याचा असूनही विमानाला स्वतःचा चेहरा आहे. आणि कॅम्पेन एकटे नव्हते. मासिकांत आपली विमाने छापून आणणाऱ्या कितीतरी हौशी आराखडाकारांनी हाच पंख गृहीत धरला.

हे सारे छोट्या विमानांत घडले, तेही विनाकारण नाही. त्या काळच्या साध्या रेडिओंना लहान विमानेच झेपत. एसचा पल्स कमांडर हा संच घ्या. त्यात आजच्यासारखी मोटर नव्हती. एक तारेचे वेटोळे आणि एक चुंबक. सुकाणू सतत डावी-उजवीकडे फडफडत असे. डावीकडे ते किती वेळ राहते आणि उजवीकडे किती, या प्रमाणावर विमान वळे. प्रमाण समान असेल तर विमान सरळ, पण शेपूट मात्र अखंड वळवळत. आज हे वाचून गंमत वाटते. पण पूर्ण क्षमतेचा रेडिओ संच ज्याला परवडत नव्हता, अशा शाळकरी मुलासाठी हलका रेडिओ, कॉक्सचे इंजिन आणि एसचा पंख म्हणजे सुट्टीतल्या कामाच्या कमाईत बसणारे आकाश होते.

जुन्या मंडळींनी नाके मुरडली, हे सांगायला नकोच. फोमचा पंख म्हणजे आयते. त्यात कारागिरी कुठली? त्यांचे एक म्हणणे खरेही होते. कसबी हाताने बांधलेला बाल्साचा सांगाडा फोमपेक्षा हलका होऊ शकतो, आणि उन्हात धरला की त्याच्या फासळ्या रेशमातून दिसतात, त्या सौंदर्याला तोड नाही. पण कारागिरी संपली हे मला पटत नाही. ती सरकली. फासळी कापण्याचे कौशल्य मागे पडले आणि दोन पंखार्ध योग्य कोनात जोडणे, साच्याच्या जोडरेषेवरची कड तासणे, लाकडाची पट्टी नेमकी कुठे घालायची हे ठरवणे ही कौशल्ये पुढे आली. रसायनशास्त्राचे थोडे ज्ञानही आले, कारण या पदार्थाशी काही गोष्टींचे हाडवैर आहे.

ते वैर मी स्वतः अनुभवले आहे. सहावीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी मी थर्माकोलचा रायगड केला होता. फेविकॉल संपले म्हणून घरात सापडलेला, चप्पल चिकटवायचा पिवळा गोंद लावला. डोळ्यांदेखत जगदीश्वराचे देऊळ आत बसू लागले. टकमक टोक तर पार विरघळले. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन आणि असे काही द्रव असलेले गोंद पॉलिस्टायरीनला साखरेसारखे विरघळवतात. बाल्सावर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला डोपही त्याच जातीचा. म्हणजे फोमचा पंख हाती आला तेव्हा विमानकाराच्या फडताळातल्या निम्म्या बाटल्या निरुपयोगी झाल्या. पांढरा गोंद आणि इपॉक्सी तेवढे चालत. पंख मढवायला कमी उष्णतेवर चिकटणारी फिल्म घ्यायची, किंवा तपकिरी कागद पांढऱ्या गोंदात भिजवून चढवायचा. इस्त्री जरा जास्त तापली की पंखाला खड्डा पडलाच.

मग हे पंख बंद का झाले? कुणी एके दिवशी ठरवून ते बंद केले, असे नाट्य इथे नाही. साचा ही वस्तू मोठ्या खपावर जगते. बॉयलर पेटवायचा, दाबयंत्र लावायचे, तर हजारो नग निघाले पाहिजेत. शिवाय पंखाचे वजन नगण्य पण खोके मोठे. टपालखर्च हवेचाच द्यावा लागतो. रेडिओ संच स्वस्त आणि हलके होत गेले तशी विमाने मोठी होऊ लागली, मग तयार विमाने आली, मग विजेच्या मोटरी. एस कंपनी पुढे तैवानच्या थंडर टायगर या उद्योगाकडे गेली. कॉक्सचे इंजिन १९९६ मध्ये एस्टेस या कंपनीच्या हाती गेले. ज्या त्रिकुटावर ती छोटी विमाने उभी होती ते असे पांगले. पंख यादीतून गेला आणि त्याच्याबरोबर त्या पंखावर बेतलेले सगळे आराखडे एका रात्रीत अपुरे झाले, जरी त्यांच्या कागदाला वाळवी लागली नव्हती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. आपण कागद नष्ट होण्याची काळजी करतो: आग, पूर, वाळवी, रद्दीवाला. इथे कागद उत्तम आहे. नष्ट झाली आहे ती कागदाबाहेरची वस्तू, जिच्यावर कागद टेकला होता. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर शिवकाळातील जमीनमोजणीची काठी घ्या. पाच हात आणि पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर, हे कोष्टक आपण परीक्षेत धडाधड लिहितो. पण हात कुणाचा? मूठ कुणाची? कोष्टक हाती असले तरी काठी हाती नसेल तर शेत मोजता येत नाही. पंखाची बाह्याकृती आणि अर्धी ओळ हे आमचे कोष्टक होते. काठी शोधायची होती.

काठी सापडली ती पुण्यातच. मित्राने चार ठिकाणी विचारपूस केली तेव्हा एका निवृत्त गृहस्थांचा पत्ता लागला. नोकरीनिमित्त अमेरिकेत काढलेल्या दिवसांत त्यांनी छंद जोपासला होता आणि परत येताना बॅगेत एक निमुळता पंखार्ध आणला होता, जो कधी वापरलाच नाही. आम्ही गेलो. चहा झाला. त्यांनी माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेली वस्तू काढली. पांढरी असायची ती वस्तू आता सायीच्या रंगाची झाली होती. उजेडाने पॉलिस्टायरीन पिवळे पडते आणि वरून ठिसूळ होते. पण साच्याच्या छिद्रांचे गोल ठसे स्पष्ट होते. मित्राने विचारले, “काका, दोन दिवस नेऊ का?” ते म्हणाले, “न्यायचा नाही. इथेच बसा, हवा तेवढा वेळ घ्या. जेवूनच जा.”

आम्ही तीन रविवार गेलो. मुळाशी, मध्ये आणि टोकाशी छेद उतरवून घेतले. बारीक सळयांची कंगव्यासारखी पट्टी पृष्ठभागावर दाबायची आणि उमटलेली वक्ररेषा कागदावर गिरवायची. पहिल्या आणि दुसऱ्या रविवारच्या रेषा जुळल्या नाहीत. फरक केसाएवढा, पण फरकच. पंख चादरीत वर्षानुवर्षे एका कडेवर टेकून राहिल्याने मागची कड किंचित दबली होती. मग मूळ कोणते? साच्यातून निघाला तो आकार, की आज समोर आहे तो? एकच प्रत हाती असल्यावर पाठभेद कसे ठरवणार? भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करणाऱ्यांकडे पोथ्यांचे ढीग तरी होते. आम्ही शेवटी दबलेला भाग सोडून दिला आणि दोन्ही बाजूंच्या धडधाकट रेषेवरून मधली रेषा पुरी केली. हा तर्क आहे, हे वहीत तसेच नोंदवून ठेवले.

मग पंख कापायचा. थर्माकोल म्हटले की आपल्याकडे गणपतीचे मखर आठवते. तापलेल्या तारेने जाळीदार महिरपी कापणारे कारागीर लालबाग-दादरपासून पुण्याच्या पेठांपर्यंत होते. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली, तेव्हा मखरांचा तो बाजार बसला. नाल्यांत आणि नद्यांत वर्षानुवर्षे न कुजता तरंगणारे ते तुकडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना बंदीचे कारण सांगावे लागणार नाही, आणि मीही तिच्या बाजूचीच आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी: हिगिन्सव्हिलचा पंख आज पुन्हा घडवण्यासाठी जे कसब लागते, ते या मखरवाल्यांच्या बोटांत होते. आमच्या शेजारच्या पेठेतले असेच एक कारागीर आता कापडाची सजावट करतात. त्यांनी आपला जुना तारेचा धनुष्य आम्हाला वापरायला दिला आणि तार किती तापवायची हे शिकवले. तार लाल दिसली तर फार झाली. फोममधून जाताना तिने सुईसारखे केसभर धागे मागे सोडले पाहिजेत.

शीतगृहाच्या भिंतीत घालतात तसला दाट थर्माकोलचा ठोकळा आम्ही आणला. त्याच्या दोन टोकांना छेदाच्या आकाराच्या दोन पट्ट्या टाचल्या, मुळाशी मोठी, टोकाशी लहान. इथेच निमुळत्या पंखाची मेख आहे. एकाच वेळेत एका हाताला जास्त अंतर कापायचे असते आणि दुसऱ्याला कमी. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर सारख्याच संख्येच्या खुणा करतात आणि धनुष्याची दोन टोके धरणारे दोघे मोठ्याने आकडे म्हणत जातात. तो “सात” म्हणतो तेव्हा मीही सातवर असले पाहिजे. पहिल्या खेपेस मी अकरावर रेंगाळले. तार तिथे थबकली आणि पंखाच्या पाठीवर एक घळ पडली. दुसऱ्या खेपेस तो घाईत पुढे गेला. तिसरा पंख बरा उतरला, चौथा चांगला. द्विपंखी असल्याने आणखी कापावे लागले. तोवर आकडे म्हणायची गरज राहिली नव्हती.

तरीही तो एसचा पंख नव्हे. कापलेल्या फोमला ती साय नसते. दाणे अर्ध्यातून चिरलेले, पृष्ठभाग खरखरीत, कड दाबली तर दबणारी. साच्याने जे मजबुतीचे काम फुकट करून दिले होते, ते आम्हाला तपकिरी कागद आणि पांढऱ्या गोंदाने वरून करावे लागले. त्याने वजन वाढले. वजन वाढले म्हणून मोटर बदलली. मोटर बदलली म्हणून नाक आखूड केले, आणि ज्या आराखड्याची प्रत्येक पट्टी मापाने दिली होती, त्या पट्ट्याही आता मूळच्या राहिल्या नाहीत. एक अर्धी ओळ भरून काढताना बाकीच्या ओळी हलल्या. जीर्णोद्धार केलेल्या देवळापुढे उभे राहून आपण नेहमी विचारतो की यात जुने किती आणि नवे किती. तोच प्रश्न टेबलावर हातभर विमानाच्या रूपाने बसला होता.

हा पेच जुन्या छंदापुरताच आहे असे समजू नका. आज दुकानात मिळणारी फोमची विमाने पाहा: पंख, धड, शेपूट, सगळेच साच्यातले. त्यांचा आराखडा कुठे छापलेलाच नसतो, कारण बांधायचे काही उरलेले नसते. एसच्या पंखासोबत निदान बाकीच्या विमानाचा कागद होता. यांच्या साच्याचे दाबयंत्र थांबेल तेव्हा मागे तुटलेले तुकडे आणि खोक्यावरचे चित्र एवढेच राहील. त्रिमितीय छपाई आणि संगणकाने चालणारी तार यांमुळे नक्कल सोपी झाली आहे, हे मान्य. पण नक्कल करायला आधी एखादी वस्तू कुणाच्या तरी माळ्यावर जपलेली असावी लागते.

विमान दिवाळीनंतर एका सकाळी उडाले. गावाबाहेरच्या पडीक शेतात, काकांना खुर्ची देऊन बसवले होते. ते फार बोलले नाहीत, उतरल्यावर पंखाच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “टोक जरा जाड झालं तुमचं.” मित्राने घरी आल्यावर मोजून पाहिले. खरेच जाड होते.

त्या रात्री त्याने आराखड्याची प्रत पुन्हा टेबलावर पसरली. तुटक रेषेच्या आतल्या मोकळ्या जागेत तीनही छेद पेन्सिलीने उतरवले, जाडीचे आकडे घातले, कुठला भाग मोजलेला आणि कुठला तर्काने काढलेला ते वेगळ्या रेषेने दाखवले. खाली तारीख टाकली. मग थोडा वेळ विचार करून तारखेशेजारी लिहिले: मूळ नाही, एका जपलेल्या पंखावरून.